मे महिन्यातले पाहुणे आणि तिथीची पाऊणपट

वार्षिक परीक्षा संपल्या की ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत माळ्यावरच्या जादा गाद्या खाली उतरतात. सांगलीची आत्या, जळगावचे मामा, नांदेडची मावसबहीण आणि तिची दोन पोरं. पहिल्या रात्री जेवताना "उद्या कुठे जायचं?" हा प्रश्न निघतो आणि बहुतेक घरांत उत्तर एकच असतं: गेटवे, राणीबाग, सिद्धिविनायक, जमलं तर जुहू. सकाळी पोहे होतात, आंघोळीचे नंबर लागतात, निघता निघता साडेदहा वाजतात. दुपारी दोनला आत्या भायखळ्याच्या फुटपाथवर पदरानं वारा घेत बसलेली असते, पोरं तिसऱ्यांदा कोल्ड्रिंक मागत असतात आणि मामा दर पाच मिनिटांनी परतीची गाडी विचारत असतात.

या यादीतल्या जागा वाईट नाहीत. गफलत वेळेची असते. मे महिन्यात आधी तास ठरवावेत आणि मग त्या तासांत बसणारी जागा शोधावी. ठाणे आणि नवी मुंबईत तर घड्याळाच्या जोडीला खाडीही विचारात घ्यावी लागते, कारण वारा, पक्षी, बोट, किनारा सगळं तिच्या पाण्यावर चालतं.

विदर्भातला पाहुणा पहिल्या दिवशी हमखास म्हणतो, "आमच्याकडे पंचेचाळीस असतं, तुमच्या पस्तिसाला काय घाबरायचं?" त्याला नीट समजावून सांगावं. कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्या दमट हवेत घाम सुकतच नाही, नुसता ओघळतो. शरीर पाणी गमावत राहतं आणि थंड मात्र होत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर एका सोहळ्यासाठी भर उन्हात तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा जीव गेला, त्या दिवशी पारा काही पंचेचाळिसाला टेकला नव्हता. त्यातून १५-१६ मेच्या सुमारास आपल्या अक्षांशावर सूर्य भर माध्यान्ही, म्हणजे साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी, थेट डोक्यावर येतो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्याच्या मागेपुढे आठवडा-दोन आठवडे दुपारी उंच इमारतीच्या पायथ्यालाही उभं राहण्यापुरती सावली मिळत नाही.

दिवसाची दोन टोकं तेवढी आपली. सूर्योदय सहाच्या सुमारास, म्हणून सहा ते साडेनऊ हे पहिलं टोक. सूर्यास्त सातच्या थोडा पुढे, म्हणून पाच ते नऊ हे दुसरं. मधले सात-आठ तास छपराखाली, शक्यतो पंख्याखाली किंवा एसीत. दुपारकडे पश्चिमेचा खारा वारा सुटतो. तो वाशीचं सागर विहार, पाम बीच रोड, बेलापूरचा किल्ल्याकडचा भाग अशा खाडीला लागून असलेल्या जागी चांगला लागतो. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आडवे पडलेत, त्यामुळे घोडबंदर रोडच्या बाजूला हाच वारा अडखळत येतो. संध्याकाळच्या वाऱ्यासाठी जायचं असेल तर ठाणेकरांनीही सरळ वाशीला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ठाणेकरांना ते पटणार नाही, पण पाहुण्यांना वारा हवा असतो, आपला अभिमान नव्हे.

आता भरतीचं गणित. कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडे आणि जुन्या घरांत हे तोंडी चालत आलंय. कालनिर्णय उघडा, तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा. तीननं गुणा, चारनं भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, शुद्ध पक्षात आणि वद्य पक्षात सारखीच. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे पहाटे पावणेचार तशीच दुपारी पावणेचार. दोन्हींच्या मध्ये, भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी, पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणूनच पाऊणपट. उत्तर अर्ध्या-पाऊण तासानं इकडेतिकडे होतं आणि खाडीच्या आतल्या अंगाला, ऐरोली-विटाव्याकडे, पाणी आणखी थोडं उशिरा चढतं. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात मोबाइलवर मिळते. पण गणिताचा फायदा असा की पाहुण्यांचा फोन आल्याबरोबर, ते कुठल्या तारखांना येणार हे कळताच, कुठली सकाळ कशासाठी राखायची हे भिंतीकडे पाहूनच ठरवता येतं.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या आसपास चढउतार मंद असतो, तो भांग. हे माहीत नसलं की "वेळ तर बरोबर होती, मग पक्षी कुठे गेले?" असं होतं.

पक्षी म्हणजे अर्थातच फ्लेमिंगो, आपले रोहित. ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. पक्षी हिवाळ्यात गुजरातच्या बाजूनं येतात आणि पाऊस तोंडावर आला की निघून जातात. म्हणजे मेचा पहिला पंधरवडा हाताशी असतो, पुढच्या पंधरवड्यात नशिबावर. जूनमध्ये येणाऱ्या पाहुण्यांना फ्लेमिंगोचं आमिष दाखवूच नये.

ते पाहायला दोन ठिकाणं आणि दोन्हींचं पाण्याशी नातं उलटं. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा पक्षी चिखलावर पसरून चरतात. पण तेव्हा बोट चालत नाही, कारण बोटीला पाणीच नसतं. पूर्ण भरतीला बोट झकास चालते, पण चिखल बुडालेला असतो आणि पक्षी उठून दुसरीकडे गेलेले असतात. बोटीसाठी मधली वेळ साधायची: पाणी चढत असताना, पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी. तेव्हा बोट सुटू शकते आणि उघड्या चिखलाची पट्टी आक्रसत चाललेली असल्यानं तिच्यावर पक्षी दाटीवाटीनं उभे असतात. वन विभागाच्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून या बोटी सुटतात. त्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात आणि जागा आधी आरक्षित कराव्या लागतात. शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात, सोमवार टाळावा. ऐरोली स्टेशनवरून रिक्षा मिळते.

मग मे महिन्यात कुठली तिथी बरी? पंचमीला भरती पावणेचारची, म्हणजे बोट भर दुपारी दोनला. ज्येष्ठ नागरिकांना घेऊन हे करू नये. दशमीला साडेसात, पण भांग नुकताच सरलेला, पाण्याला जोर नाही. एकादशी ते त्रयोदशी हे तीन दिवस उत्तम. भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या मध्ये, बोट त्याआधी आणि दहाच्या आत तुम्ही सावलीत. महिन्यातून दोनदा असे तीन-तीन दिवस येतात. पाहुण्यांच्या मुक्कामात ते पडत असतील तर बाकी सगळे बेत त्यांच्याभोवती लावावेत.

बोटीत बसल्यावर काय पाहायचं, हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पोरं "गुलाबी आहेत" एवढं म्हणून मोबाइलकडे वळतात. आपल्या खाडीत दोन जाती येतात. लहान रोहित जेमतेम तीन फुटांचा, रंगानं जास्त गडद, आणि त्याची चोच जवळजवळ सगळी काळपट लाल. मोठा रोहित चार फुटांच्या वर, अंगानं बराचसा पांढरा, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. मान खाली घालून चोच उलटी करून चिखलपाण्यात फिरवताना दिसतो तो चरणारा पक्षी. चोचीतल्या कंगव्यासारख्या पट्ट्यांतून पाणी बाहेर जातं आणि शेवाळ आत राहतं. गुलाबी रंग त्या खाण्यातल्या रंगद्रव्यातून येतो. थव्यात मधूनमधून राखाडी, मळकट दिसणारे पक्षी असतात. ती आजारी नाहीत, पिल्लं आहेत, अजून रंग चढायचाय. दुर्बीण नेणार असाल तर आठपट मोठं दाखवणारी न्या. दहापटीची चालत्या बोटीत हलते आणि डोकं दुखतं.

बोटीत जागा नाही मिळाली तर? मग पूर्ण भरतीला नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे जायचं. खाडीतला चिखल बुडाला की चरायला जागा न उरलेले पक्षी तिथल्या डीपीएस शाळेजवळच्या तलावावर आणि टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत येऊन उभे राहतात, पाणी ओसरेपर्यंत. सीवूड्स-दारावे स्टेशनवरून रिक्षानं जाता येतं, तिकीट नाही, बोट नाही. याच एकादशी ते त्रयोदशीच्या सकाळी आठ ते दहा तिथे थांबलात तर काठावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. भांगाच्या दिवसांत मात्र पाणी पुरतं चढत नाही, चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना खाडी सोडायची गरज पडत नाही. तळंही खाडीच्या पाण्यावर जगतं. पाणी आत येणाऱ्या वाटा बुजल्या की ते आटतं किंवा शेवाळानं भरतं आणि पक्षी फिरकत नाहीत. म्हणून जाण्याआधी त्या बाजूला राहणाऱ्या कुणाला तरी फोन करून विचारावं. काठावर भडक कपडे, टाळ्या, दगड मारून थवा उडवणं आणि ड्रोन, यातलं काहीही नको. उडालेला थवा व्हिडिओत छान दिसतो, पण परतीच्या लांबच्या पल्ल्याआधी अंगात साठवलेली ताकद त्यांनी तुमच्यासाठी खर्च केलेली असते.

ऐरोलीत असलात तर दुपार घालवायला सेक्टर १५मधलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक चांगलं. नवी मुंबई महापालिकेनं बांधलेली ही वास्तू २०२१च्या डिसेंबरात खुली झाली. आत ग्रंथालय आहे, बाबासाहेबांच्या आयुष्यावरची छायाचित्रं आणि दालनं आहेत, आणि गारवा आहे. पाहुण्यांत कॉलेजची मुलं असतील तर दोन तास कमीच पडतात. सुटीचा वार आधी विचारून घ्यावा.

पौर्णिमा किंवा अमावास्या पडत असेल तर तोच पाऊणपटीचा हिशेब उलटा लावायचा. भरती सकाळी अकरा-बाराला म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला, आणि उधाणाची ओहोटी असल्यानं पाणी लांब गेलेलं. किनाऱ्यावर जायची हीच संध्याकाळ. जुहूच्या गर्दीपेक्षा उरणचा पिरवाडी किनारा मला केव्हाही जवळचा वाटतो, आणि जानेवारी २०२४पासून लोकल थेट उरणपर्यंत जायला लागल्यानं तो सोपाही झालाय. ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं नेरूळ, तिथे गाडी बदलून उरण. हा प्रवासच एक सहल आहे. खिडकीतून तिवरं, खाडीचे फाटे, मध्येच कंटेनरांचे रंगीबेरंगी डोंगर. दक्षता एकच, या मार्गावर नेहमीच्या लोकलसारख्या लागोपाठ गाड्या नाहीत. उरणला उतरल्याबरोबर परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्या, मगच रिक्षा करा. पिरवाडीला पोहण्याचा विचार नको. खडकाळ भाग आहे आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळांवरून पोरं पुढे पुढे जातात. पाणी वळलं की ते मागच्या खोलगट भागातून आधी भरतं आणि पुढे गेलेला माणूस कातळावर अडकतो. पाणी परत चढायला लागलं की सगळ्यांना वाळूवर बोलवावं. पौर्णिमा असेल तर सूर्य मावळायला आणि चंद्र उगवायला एकच गाठ पडते, फक्त चंद्र पाठीमागे, जमिनीच्या बाजूला असतो.

मराठी पाहुण्यांना घेऊन जायची माझ्या मते सगळ्यात बिनचूक जागा म्हणजे नाट्यगृह, आणि नेमकी तीच कुणाला सुचत नाही. शनिवार-रविवारचा दुपारी चार-साडेचारचा प्रयोग पाहा. उतरत्या उन्हाचे तीन तास एसीत जातात, मालिकांत दिसणारी माणसं समोर चालता-बोलताना दिसतात आणि गावाकडच्या नातेवाइकांना ते वर्षभर पुरतं. ठाण्यात राम गणेशांच्या नावाचं गडकरी रंगायतन आहे, १९७८पासूनचं, आणि घोडबंदर रोडच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह. वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह. आत्या सांगलीची असेल तर तिला वाशीलाच न्यावं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर', मराठी रंगभूमीचं पहिलं नाटक, सांगलीत झालं, हे सांगलीकरांना सांगावं लागत नाही, उलट तेच तुम्हाला मध्यंतरापर्यंत ऐकवतील. मे महिन्यात सकाळी बालनाट्यंही लागतात. तिकीट काढताना दोन गोष्टी पाहाव्या. वृद्ध माणूस असेल तर बाल्कनी नको, जिने असतात. आणि तीन वर्षांखालचं मूल असेल तर रांगेच्या कडेची खुर्ची घ्या, म्हणजे रडलं तर बाहेर नेताना अर्ध्या रांगेला उठावं लागत नाही. एसीत तीन तास बसून आजीच्या गुडघ्यांना गारठा धरतो. एक शाल पिशवीत टाका, मे असला तरी.

गडकरीतून सातनंतर बाहेर पडलात की समोर मासुंदा, म्हणजे तलावपाळी. प्रयोग सुटतो आणि ऊन उतरतं ते एकाच सुमाराला, त्यामुळे इथे वेगळा बेत आखावाच लागत नाही. पायडलच्या बोटी, काठावर भेळ, पलीकडे कौपिनेश्वराचं देऊळ. रविवारी काठावर मुंगीलाही जागा नसते, त्यामुळे बोटीची रांग आधी पाहा आणि अर्ध्या तासाच्या वर दिसली तर सोडून द्या. शांत तलाव हवा असेल तर महापालिका मुख्यालयाजवळची कचराळी. नाव ऐकून पाहुणे नाक मुरडतात, पण ठाण्यातली सकाळच्या चालण्याची ती चांगली जागा आहे.

येऊर सकाळचं. पहाटे साडेसहाच्या आत पायथ्याशी पोहोचावं. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग, बिबट्याचं रान. म्हणून वन विभागाच्या चौकीवर जे सांगतील ते ऐकायचं आणि संध्याकाळ उतरायच्या आत बाहेर पडायचं. पावसाळ्यात हिरवंगार पाहिलेल्या माणसाला मेमधलं येऊर उजाड वाटतं. सागाची पानगळ झालेली असते आणि ती ताटाएवढी वाळकी पानं मुरमावर पसरलेली असतात. उतारावर घसरण्याचं खरं कारण तीच. गुळगुळीत तळाची चप्पल घालून आलेल्याला सपाट रस्ता सोडू देऊ नये. माणशी एक लिटर पाणी बरोबर, कारण वर भरवशाचं पाणी नाही. मेच्या मध्यापासून पाड्यांवरच्या वारली बायका करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात. करवंद काळंभोर झालेलं घ्यावं, लालसर असेल तर चीक ओठांना चिकटतो. घासाघीस करू नका. दोन तास काट्यांत हात घालून एवढी टोपली भरते.

वॉटर पार्कबद्दल थोडक्यात. टिकुजीनीवाडी किंवा सूरज, दोन्ही ठाण्यातच, दोन्ही मुलांना आवडतात. सोमवार ते शुक्रवारमधला दिवस, उघडताना पहिल्या तासात आत आणि दोनच्या आत बाहेर. नायलॉनचेच कपडे का मागतात, यावर दारात वाद घालण्यात अर्थ नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अडकतं आणि त्याचे धागे गाळणीत जातात. पाण्यात असताना ऊन जाणवत नाही आणि रात्री पाठ भाजते. आजी-आजोबांना तिथे नेऊन खुर्चीत बसवून पिशव्या सांभाळायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, त्यांना त्या दिवशी घरी झोपू द्यावं.

मॉलबद्दल काही सांगायला नको, तो सगळ्यांना माहीत आहे. खारघरची संध्याकाळ मात्र सुचवीन. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३पासून सुरू आहे, ११ स्टेशनं, गार डबे, बसायला जागा. सेंट्रल पार्क नावाच्या स्टेशनावर उतरून त्याच नावाच्या मोठ्या बागेत, आणि २०२५च्या जानेवारीत खुल्या झालेल्या इस्कॉनच्या संगमरवरी देवळात. दोन्ही साडेपाचनंतर. दुपारी देवळाबाहेर चप्पल काढली की फरशीवर पाय भाजतात. पांडवकड्याचा धबधबा पाहायचा हट्ट कुणी धरला तर तो मेमध्ये कोरडा कडा असतो, एवढंच सांगावं.

मुंबई दाखवायची तर एक दिवस, आणि वार पाहून. राणीबाग बुधवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी बंद. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार. तो कुठल्या मार्गावर आहे हे आदल्या दिवशी जाहीर होतं. गेटवे आणि मरीन ड्राइव्ह सकाळी सातला करावं, म्हणजे साडेपाच-सहाची जलद लोकल ठाण्याहून धरावी. परतताना अकराच्या आत गाडीत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली तीही दुपारी साडेतीनच्या सुमाराला, म्हणजे एप्रिलच्या भर उन्हात प्रवास करायची खोड आपल्या मार्गावर पहिल्या दिवसापासूनच आहे. ती मोडायला हरकत नाही.

लोकलमध्ये पाहुणे हरवतात ते गर्दीमुळे कमी आणि डब्यांमुळे जास्त. बायका-मुलं लेडीज डब्यात, पुरुष जनरलमध्ये आणि दोघांनाही उतरायचं स्टेशन माहीत नाही. चढण्याआधी प्रत्येकाच्या मोबाइलवर स्टेशनचं नाव मराठीत लिहून द्या आणि "पूर्व" की "पश्चिम" तेही. उतरल्यावर कुणी जिना चढायचा नाही, जागेवर उभं राहायचं, असा एकच नियम. ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या गाड्या ९ आणि १० नंबरच्या फलाटावरून सुटतात. पश्चिमेला बाहेर पडल्यावर सॅटिस नावाच्या उंचावरच्या डेकवर बस, खाली रिक्षा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. मोबाइलवर तिकीट काढायचं तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात पेट्या-बोचकी घेऊन लोकलमध्ये चढायचा प्रयत्न करू नका, रोजची माणसं चढू देतील पण उतरू देणार नाहीत.

पिशवीत काय असावं? तयार ओआरएसची पाकिटं सगळ्यात बरी. नसतील तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रमाण मोजूनच घ्यावं, अंदाजानं मीठ जास्त पडलं तर उलट त्रास होतो. पन्हं, कोकम सरबत, ताक उत्तम. रस्त्यावरचा उसाचा रस बर्फाशिवाय. ताडगोळे घेताना बोटानं हलकं दाबून पाहा, आतलं पाणी डचमळलं पाहिजे. घट्ट झालेला ताडगोळा पोटात दुखवतो. एखाद्याचं डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली, पायात गोळे आले तर लगेच सावलीत आडवं करून ओल्या कापडानं मान, काखा, जांघा पुसायच्या. असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग तापून घाम थांबला तर तोंडात पाणी ओतत बसू नका, १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालत राहा.

आणि जायच्या आधीची एक सकाळ वाशीच्या एपीएमसी फळ बाजाराची. कुणी याला सहल म्हणणार नाही, पण शेतीतून आलेल्या पाहुण्याला गेटवेपेक्षा इथे जास्त रस वाटतो. रात्रभर ट्रक लागतात, पहाटे गाळ्यांवर पेट्यांच्या भिंती उभ्या असतात, डोक्यावर पेट्या घेतलेले माथाडी "बाजू, बाजू" करत धावतात. त्यांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नये, ते थांबू शकत नाहीत. रविवारी बाजार सहसा बंद. इथे आंबा पेटीनं मिळतो, डझनानं नाही. फळ जितकं मोठं तितके पेटीत नग कमी, चार डझनांपासून आठ डझनांपर्यंत, म्हणून पेटीचा भाव ऐकून खूश होण्याआधी नग विचारा. पेटी उघडायला लावा आणि वरचा नव्हे, खालच्या थरातला आंबा काढून पाहा. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले असले की फळ झाडावर पुरतं भरलेलं. देठाशी नाक नेल्यावर वास आला पाहिजे. पिवळाधमक पण वास नसलेला आंबा घेऊ नये, तो घाईनं पिकवलेला असतो. साल थोडी सुरकुतलेली असली तर उलट चांगलं. साका, म्हणजे गर आतून पांढरट आणि आंबट होणं, मात्र बाहेरून कळत नाही, तापलेल्या जमिनीची धग फळाला लागून तो आतल्या आत होतो, आणि त्याची हमी कुठलाही व्यापारी देऊ शकत नाही.

प्रवासाला न्यायचा आंबा हिरवाच घ्यावा. पेंढ्यात पाच ते आठ दिवसांत पिकतो, म्हणजे घरी पोहोचल्यावर काही दिवसांनी पहिला खाता येतो. पेटीवर बॅग ठेवू नये, पेटी एसटीच्या मागच्या डिकीत टाकू नये, तिथे धग असते आणि खालचा थर आंबतो. पायाशी, हवा लागेल अशी ठेवावी. घरी गेल्यावर रोज एकदा पेंढा हलवून मऊ झालेली फळं वर काढायची. आणि पेटी घ्यायची ती मे संपायच्या आत. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर भाव उतरतात खरे, पण तोवर आंब्यात अळी झालेली असते.